बारशाआधीचे

गोदाबाईनं मला बसस्टँडवर गाठलं तेव्हा माझ्या हातात चहाची बशी होती. मार्च अडुसष्टमधला मंगळवार, सकाळचे साडेअकरा, किरनापूरकडे जाणारी मोटार अजून लागायची होती. गोदाबाई म्हणजे माझ्या सासुरवाडीची, हिवरटोल्याची सुईण. सत्तरीला टेकलेली बाई, डोळे दाखवायला बालाघाटला आलेली. एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसरा माझ्यावर. सासुरवाडीचं माणूस म्हणून मी चहा सांगायला लागलो तर ती म्हणाली, "चहा राहू द्या, जवाईबापू. आमच्या गावाचं पेपरात तुम्हीच लिवलं नं? मास्तरनं वाचून दाखवलं. तीन सालात आमच्या गावात एकच लेकरू मेलं म्हणते." मी म्हणालो, हौ, मीच लिहिलं. खरं सांगायचं तर जरा फुगूनच म्हणालो. "मंग बाकीचे नऊ म्या कोणाचे गाडले?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, भांडण नव्हतं. बाजारात भाजीवाल्याला विचारावं तसं विचारलं तिनं. मग पदर सावरत म्हणाली, "अन् ते नर्सबाईचं केंद्र आमच्याकडं येनार होतं, ते आता दुसऱ्या गावी चाललं. सायबानं तुमचाच कागद दाखवला म्हने. इथं मरत नाहीत तं नर्स काहून पाह्यजे? सोमवारी मिटिंग हाय. तुमच्या साळ्याच्या बायकोले, पुष्पलताले, आठवा लागला. मले आता दिसत नाई, बापू. माह्या हातानं काय होनार?" मोटार आली. ती चढली. मी बशीतला चहा प्यायलो. थंडगार झाला होता, तरी प्यायलो, पैसे दिले आणि ऑफिसकडे चालू लागलो.

चालताना मला काही वाटत नव्हतं हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाटायला पाहिजे होतं. बुटात खडा गेला होता तो टोचत होता, तेवढं कळत होतं. आमचं साप्ताहिक चार पानांचं, तीन पानं हिंदी आणि एक मराठी. मराठी पान माझं. त्या पानावर दहा वर्षं मी काय छापलं? सत्कार, निधन, कोणाची म्हैस हरवली, कोणत्या शाळेत झेंडावंदन झालं. मग मागच्या वर्षी मला आकड्यांचा नाद लागला. नाद लावला तेजरामबाबूंनी. हे गृहस्थ आकडे गोळा करणाऱ्या एका सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले कारकून, आमच्याच गल्लीत राहायचे, आणि दिवसभर बाजेवर बसून जुन्या तक्त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब करायचे, कशाचा ते देव जाणे. एकदा मी त्यांना माझी बातमी दाखवली: 'तापाच्या साथीत अनेक बालके दगावली.' ते म्हणाले, "अनेक म्हंजे किती रे? अनेक म्हंजे तुले माहीत नाई एवढंच." मला राग आला. दुसऱ्या दिवशी परत गेलो. त्यांनी मला शिकवलं की नुसते मेले किती हे सांगून उपयोग नाही, जन्मले किती आणि त्यातले मेले किती ते पाहायचं, आणि हजारावर आणायचं, म्हणजे लहान गाव आणि मोठं गाव एका फुटपट्टीवर येतं. रडलं ते मोजायचं. मेलेलंच जन्मलं तर त्याची गोष्ट वेगळी. शिवाय म्हणाले, "आकडा हाती आला का त्याले तीन गोष्टी पुस. तुले कोणी लिवलं, काहून लिवलं, अन् कोण सुटलं." पहिल्या दोन मला पाठ झाल्या. तिसरीला मी मान हलवली असेन, ऐकल्यासारखं करून.

मग मी वह्या काढल्या. कोतवाल गावोगाव जन्ममृत्यू लिहितो, ती वही ठाण्यात जाते, तिथून नक्कल वर जाते. आमच्या इकडे कोतवालाला कोटवार म्हणतात. बावीस गावांच्या तीन वर्षांच्या नकला मी हातानं उतरवल्या, बोटाला घट्टे पडले. जे आनंदाचे दिवस म्हणून लोक सांगतात तसे माझे ते दिवस होते, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. रकाने भरत जायचे आणि डोकं शांत व्हायचं. हजारी सव्वाशे, हजारी एकशे चाळीस, सगळीकडे असंच; आणि मध्येच हिवरटोला: एकसष्ट जन्म, एक मृत्यू, हजारी सोळा. मी तो भागाकार चारदा केला. माझ्या बायकोचं गाव! मथळा दिला, 'हिवरटोल्याने करून दाखवले.' खाली विहिरी स्वच्छ, लोक जागृत, छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीत शिक्षण आलं वगैरे, जे जे मनात आलं ते कारण म्हणून ठोकून दिलं. संपादक हिरालालजींनी तोच लेख हिंदीत करून पहिल्या पानावर घेतला. दहा वर्षांत माझं नाव पहिल्या पानावर पहिल्यांदा आलं.

आणि माझा मुलगा त्या वहीत नव्हता. सदुसष्टच्या ऑगस्टात हिवरटोल्यात, सीताच्या माहेरी, माझा मुलगा जन्मला आणि नवव्या दिवशी गेला. मी ती पानं उतरवली. ऑगस्ट सदुसष्ट हे पान मी स्वतःच्या हातानं उतरवलं, त्यात दोन जन्म होते, दोन्ही दुसऱ्यांचे, आणि मला काहीही खटकलं नाही. हे ऑफिसच्या पायरीवर माझ्या लक्षात आलं. पायरीवर मी उभा राहिलो, बूट काढून खडा झटकला, आत गेलो. आत कंपोझिटर छपाईचे खिळे जुळवत होता. मी माझ्या टेबलावर बसलो आणि आठवायचा प्रयत्न केला. पूर आला होता, रस्ता बंद होता, मी दहाव्या दिवशी सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडून पोचलो तेव्हा अंगण सारवून झालं होतं. सासरे म्हणाले, जय भीम, बसा. कोणी रडत नव्हतं. सीता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी बाहेर बसून पोहे खाल्ले. खाल्ले! सगळे पोहे खाल्ले, कारण जावयानं बशीत ठेवलं तर बरं दिसत नाही. परत आलो, आणि शुक्रवारचा अंक वेळेवर निघाला. तेव्हापासून सीता आणि मी त्याविषयी एक शब्द बोललो नाही. ती स्वयंपाक करते, मी जेवतो. मीठ कमी असलं तर मी मीठ मागतो.

संध्याकाळी तेजरामबाबूंकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, मुलाचं सोडून. ते बाजेची सुंभं ओढत ऐकत होते. मग म्हणाले, "सोळा पाह्यल्यावर तुले खुशी झाली, नाई? तिथंच चुकलं. जो आकडा आपल्याले आवडते त्याच्यावर पहिले डाउट घ्यायचा." मी म्हणालो, बाबूजी, तुम्ही हे आधी सांगितलं असतं तर. "सांगतलं होतं. कोण सुटलं ते पुस म्हणून सांगतलं होतं. तू तवा नाव छापून येनार म्हणून येडा झालता." बरोबर होतं. बुधवारी सकाळी हिरालालजींसमोर उभा राहिलो. गृहस्थ बरे होते, तोंड कडू एवढंच. म्हणाले, "खेमराज, पहले छापा कि नहीं मरे, अब छापोगे कि मरे? दाई की बात पर? एक दाई, वह भी अंधी?" मी म्हणालो, मी घरोघर जाऊन आणतो. "हर घर का नाम लाओ, बाप का नाम, तारीख. और दाई ने नौ कहा है तो पूरे नौ निकलने चाहिए. एक भी कम निकला तो वे लोग कहेंगे कि बुढ़िया झूठी और हम भी. कल शाम तक. शुक्रवार के बाद तुम्हारा भूल-सुधार किस काम का, सोमवार को तो बैठक है."

हिवरटोला सहा कोस. सायकलनं निघालो. रस्त्यानं मँगनीजचे ट्रक जात होते, त्यांची काळी धूळ दातांत कचकचत होती. मला वाटलं होतं की गावाजवळ आल्यावर छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही. महुआ फुलला होता, बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या, त्यांनी मला पाहून पदर पुढे ओढले, जवाई आले म्हणून. पहिल्यांदा कोटवाराला गाठलं. फकिरा त्याचं नाव, खाकी सदरा, खांद्याला पट्टा, माणूस भला. मी विचारलं, तू या लेकरांना वहीत काहून नाही लिहिलं? त्याला प्रश्नच कळला नाही. "बारशाले जातो नं मी," तो म्हणाला. "घुगऱ्या भेटते, नाव भेटते, मंग मास्तरकडून लिवून घेतो. वहीत पहिला रकाना नावाचाच हाय, साहेब. ज्याचं बारसंच झालं नाई त्याचं काय लिवू?" म्हणजे बाराव्या दिवसाआधी जे गेलं ते जन्मलंच नव्हतं, आणि जे जन्मलं नाही ते मरणार कसं? त्यानं काही लपवलं नव्हतं. वर्षानुवर्षं तो घुगऱ्यांच्या वाटीबरोबर जन्म लिहीत आला होता आणि एकाही साहेबानं त्याला विचारलं नव्हतं. मीही नाही. गावात हिंदू होते, आम्ही बौद्ध होतो. आम्ही देव सोडले, उपास सोडले, जुनी नावंसुद्धा सोडली, पण बिननावाच्या लेकराला मोजायचं नाही ही रीत दोन्ही मोहल्ल्यांत तशीच होती. मलाही ती वेगळी काही वाटली नव्हती म्हणून तर ऑगस्टचं पान सरळ उलटलं.

गोदाबाई अंगणात बसली होती. तिनं बोटांच्या पेरांवर मोजून सांगितलं: तीन सालांत बारशाआधी गेलेले नऊ. "नऊ म्हंजे नऊ. मढ्याबद्दल म्या खोटं नाई बोलत." घरं सांग म्हटलं तर तिनं आठ सांगितली. नववं? "नववं तुम्ही हुडका, बापू," म्हणाली आणि पट्टीवरचा हात काढेना. मी समजलो की म्हातारी विसरली आणि कबूल करत नाही. मग मी घरं फिरलो. प्रत्येक घरी खाट टाकली गेली, चहा आला, घरचा पुरुष समोर बसला. पुरुषांना काही सांगता येईना. "हौ, झालतं काही तरी," एवढंच. "मोहरी निघाली तेव्हा की धान कापलं तेव्हा?" "बाईले ठाव." मग मी दाराआडच्या बाईला विचारायचो. रडलं होतं का? किती दिवस? कोणता महिना? आणि आश्चर्य असं की बायका सांगायच्या. जणू कोणी विचारायचीच वाट पाहत बसल्या होत्या. एक म्हणाली, पाच दिवस, जांभई देत होतं मोठ्या माणसासारखी. एकीनं दिवसाचा प्रहरसुद्धा सांगितला. शेवंताबाई म्हणून एक होती, चार लेकरांची आई, ती दाराआडून बाहेरच आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही लिवून घेऊन राह्यले नं? मंग नीट लिवा. सहा दिवस अन् एक रात." तिचा नवरा तिच्याकडे पाहत राहिला. त्याला हे सहा दिवस माहीत नव्हते, तो तेव्हा बांबूच्या तोडीला गेलता. मी लिहीत होतो. हात बरोबर चालत होता, अक्षर चांगलं येत होतं, आणि आत कुठे काही हलत नव्हतं.

गुरुवारी दुपारपर्यंत सात घरं झाली. आठवं माझं सासर, म्हणजे माझं. तिथं विचारायचं काय? बापाचं नाव खेमराज, ऑगस्ट सदुसष्ट, नऊ दिवस. मी सासऱ्यांच्या ओसरीवर बसून ते स्वतःच लिहून टाकलं. पुष्पलता पाणी घेऊन आली. एवढीशी पोरगी, पोट पुढे, पाय सुजलेले. पाणी देऊन ती गेली नाही, उभी राहिली, आणि नणदेच्या नवऱ्याशी बोलायचं नसतं तरी खालमानेनं म्हणाली, "भाटवे, नर्सबाई येईल का?" मी म्हणालो, पाहू. काय पाहू? एक घर कमी होतं. दोन्ही मोहल्ले पुन्हा फिरलो, एकही दार सोडलं नाही. नववं निघेना. परत गोदाबाईकडे गेलो, म्हणालो, माय, आठच होतात, आठच लिहू का? आठावरही हजारी एकशे तीस होत होते, केंद्रासाठी ते पुष्कळ होते. पण हिरालालजींनी तुझे नऊ ऐकलेत, ते आठ छापणार नाहीत. ती म्हणाली, "नवाचे आठ काहून करता? एकदा तं सारेच खाल्ले तुम्ही." हे मात्र लागलं. सायकलवर बसलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं, म्हातारीच्या रागाचं, आणि किरनापूर रस्त्याला लागेपर्यंत सुकलंसुद्धा.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. सीता अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. दोन दिवस कुठं होतो हे तिनं विचारलं नाही. तिला गावाकडून कळलंच असणार. मी पायरीवर बसलो, कागद काढला. अंक अडकला होता, हिरालालजी वाट पाहत असतील, मराठी पानाची एक जागा कोरी सोडून कंपोझिटर बसला असेल. सीता सूप न थांबवता म्हणाली, "वाचा." मी म्हणालो, काय? "लिवून आणलं ते. आयकू तं द्या." मी वाचायला लागलो. घर, बापाचं नाव, महिना, किती दिवस. प्रत्येक घराला ती "हौ" म्हणायची. दुसऱ्या घराला तिनं महिना दुरुस्त केला. शेवंताबाईचे सहा दिवस अन् एक रात ऐकून सूप थांबलं आणि पुन्हा चालू झालं. शेवटी मी माझं नाव वाचलं. आवाज सपाट ठेवला. ऑगस्ट सदुसष्ट, नऊ दिवस. ती हौ म्हणाली नाही.

"तिले काहून नाई धरलं?" ती म्हणाली.

कोणाला, मी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, सात महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. "पहिलीले." मी म्हणालो, अगं, ती मेलेलीच जन्मली, ती मोजत नाहीत. पासष्टच्या सुरुवातीला मी सहा महिने नागपूरला एका छापखान्यात प्रूफं तपासायचं काम शिकायला गेलतो, आणि तिथं सासऱ्यांचं कार्ड आलं होतं: लेकरू मेलेलेच आले, सीता बरी आहे, काम सोडून येऊ नये. मी काम सोडून गेलो नाही. चांगलं अक्षर होतं सासऱ्यांचं. सीता म्हणाली, "जवायाले कोण सांगन, का आमच्या घरी चार दिवस होती अन् आम्हाले वाचवता नाई आली? मेलेलीच आली म्हणलं का कोणाकडं बोट नाई. बाबा म्हणे, तूही सांगू नको. मी म्हणलं, पुसलं तं सांगीन." तिनं सुपातला खडा वेचून टाकला. "तुम्ही पुसलंच नाई."

सात घरं मी हिंडलो होतो. दाराआडच्या परक्या बायकांना विचारलं होतं. माझ्या घरचा रकाना मी एकट्यानं ओसरीवर बसून भरला होता, तीन मिनिटांत, पाणी पिता पिता. मला वाटलं आता मी रडेन, तिच्याजवळ जाऊन बसेन, काहीतरी करेन. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "रडली होती?" तोच प्रश्न, घरोघर विचारलेला, त्याच आवाजात. मला माझी शिसारी आली.

"रडली म्हंजे! साऱ्या मोहल्ल्याले झोपू नाई देलं तिनं."

"तारीख?"

"बारा एप्रिल. सोमवार. सोळाले गेली." विचार करायला ती क्षणभरही थांबली नाही.

मी लिहिलं. बापाचं नाव, खेमराज. वरच्या ओळीतही तेच होतं. पेन्सिल दोनदा तुटली, दुसऱ्यांदा दातांनी टोक काढलं. वहीतले धरून जन्म सत्तर, मृत्यू दहा, हजारी एकशे त्रेचाळीस. नऊ झाले, मी म्हणालो, आणि तिच्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली, ती मुलगी होती म्हणून, की आकडा जुळला म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही सांगता येणार नाही. कागद घडी करून उठलो. छापखाना उघडा होता, अंक अजून गेला नव्हता.

"तिच्या वेळेस मले दूध आलतं," सीता मागून म्हणाली. "ती गेल्यावर बी पंधरा दिवस येऊन राह्यलतं. त्याचा रकाना हाय का तुमच्यात?"

मी घडी उघडून कागद पाहिला. नाही म्हणालो.

"मंग हाय तेवढंच छापा," ती म्हणाली आणि सूप उचललं. "पण उद्याच छापा. पुष्पलताले महिनाच राह्यला."